पोस्टातली ती म्युरल्स डब्ल्यूपीएची नाहीत हो!

अमेरिकेतल्या जुन्या पोस्टात १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळातलं भिंतीवरचं चित्र दिसलं की लोक सरळ ‘डब्ल्यूपीए म्युरल’ (डब्ल्यूपीए म्हणजे तेव्हाची बेकारांना काम देणारी सरकारी संस्था) म्हणून मोकळे होतात, वर्षानुवर्षं हेच चाललंय. पण पोस्टातली ही चित्रं बहुतेक सगळी ट्रेझरी, म्हणजे अर्थखात्याच्या ‘सेक्शन’ नावाच्या कला विभागाची आहेत, १९३४ मध्ये सुरू झालेल्या. डब्ल्यूपीए आली १९३५ मध्ये, आणि तिच्या कला योजनेचं काम मुळात बेकार कलाकारांना पगार देऊन जगवायचं. सेक्शनमध्ये गरजू आहात का हे कुणी विचारत नव्हतं, स्पर्धा असायची, तीही बहुतेकदा नाव झाकून, आणि पैसा यायचा नव्या इमारतीच्या खर्चातून साधारण १ टक्का बाजूला काढून.

आणि ही चित्रं सगळी भिंतीवरच रंगवलेली असतात असंही नाही. बरीचशी स्टुडिओत कॅनव्हासवर तेलरंगात काढून मग पोस्टमास्तरच्या दाराच्या वर चिकटवलेली आहेत, नीट बघितलं तर कधी कधी कॅनव्हासची कडही दिसते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरचंही तेच, ती म्युरल्स १९३४ ची, म्हणजे डब्ल्यूपीएच्या जन्माआधीची, वेगळ्याच सरकारी योजनेतली! आणि पोस्टातलं, स्पर्धा जिंकून मिळवलेलं काम बेकारभत्त्याच्या खात्यात टाकणं हा त्या कलाकारांवर अन्यायच आहे.