सिडरच्या सालीची टोपली: घरी नेण्याआधी

ही बांबूची आहे का, असा प्रश्न दुकानात हमखास येतो. नाही, आणि वेताचीही नाही. ही झाडाच्या सालीची आहे. झाडाचे नाव रेड सिडर, पण ते देवदार नव्हे; आपल्या बागेतल्या मोरपंखीच्या कुळातले ते.

ही टोपली नूचानूल्थ लोकांच्या विणीची; कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाचा पश्चिम किनारा हा त्यांचा मुलूख. कॅप्टन कुक १७७८ मध्ये तिथे आला आणि त्यांना ‘नूटका’ म्हणू लागला, म्हणून जुन्या टोपल्यांवर तेच नाव दिसते. आम्ही ते वापरत नाही.

वसंत सरता सरता झाडात रस चढतो, तेव्हाच साल सुटते. बुंध्याशी दोन तळव्यांएवढा आडवा छेद द्यायचा आणि पट्टा धरून मागे मागे चालत जायचे. पट्टा वर निमुळता होत जातो आणि शेवटी सुटून खाली येतो. झाड उभेच राहते, वाढतेही. त्याच किनाऱ्यालगतच्या मीअर्स बेटावरची जंगलतोड १९८५ मध्ये न्यायालयाने थांबवली, तेव्हा साल काढल्याच्या अशा जुन्या खुणाही पुराव्यात मांडल्या गेल्या होत्या.

बाहेरची खरबरीत साल तिथल्या तिथेच सोलून टाकतात. आतली मऊ साल घडी घालून महिनोन्‌महिने वाळवतात, मग भिजवून तिच्या पट्ट्या काढतात. तळ आणि उभे ताणे बहुधा सालीचे; अंगावरची बारीक वीण पाणथळीतल्या गवताची. ताण्यांमागून एक आडवी काडी जाते आणि दुसरी गवताची पाती प्रत्येक ताण्यापाशी तिला वळसा घालते. देवमासा, होडी, पक्षी ही नक्षी त्या वळशांतच रंगीत गवत बदलून उमटते, वरून रंगवलेली नसते. तळहातावर मावणारी झाकणाची टोपलीसुद्धा दिवसचे दिवस खाते. किंमत विणणारी व्यक्तीच ठरवते, त्यामुळे कृपया घासाघीस नको.

टोपली उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, गवताचा रंग उडतो आणि साल ठिसूळ होते. धुऊ नका, मऊ ब्रशने धूळ झटका. झाकणाची गाठ धरून टोपली उचलू नका, खालून दोन्ही हातांनी धरा. एखादी पाती सुटली तर कापू नका, डिंकही लावू नका. तशीच आमच्याकडे आणा. आम्ही ती विणणाऱ्यांकडेच पाठवतो.