पिच शॉट आणि फुल स्विंग: ग्रीन 50 यार्डांवर आल्यावर काय बदलायचं

आमच्याकडे गोल्फची वेज (ग्रीनजवळच्या छोट्या, उंच फटक्यांचा क्लब, म्हणजे काठी) घ्यायला किंवा स्विंग दाखवायला येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) ठीक बसतो, आयर्नही (मधल्या अंतराचे क्लब) बरे चालतात, पण ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) 40-50 यार्डांवर आलं की हात आखडतात. एक बॉल जागच्या जागी मातीत रुततो, पुढचा ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत जातो. मग प्रश्न येतो, "वेज बदलून बघू का?" कधी कधी ती खरंच बदलावी लागते, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण आधी स्विंगकडे बघायला हवं. कारण पिच मारताना बरेच जण फुल स्विंगच मारत असतात, फक्त भीत भीत.

(पत्रक उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.)

पिच कशाला म्हणायचं

चिपमध्ये बॉल थोडा उडतो आणि जास्त घरंगळतो. पिचमध्ये तो जास्त उडतो आणि पडल्यावर लवकर थांबतो. अंतर साधारण 20 ते 80 यार्ड. म्हणजे कोणतीही वेज पूर्ण फिरवली तर बॉल ग्रीनपलीकडे जाईल आणि मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी असल्यामुळे घरंगळत नेणंही जमणार नाही, असा हा पट्टा.

ताकद कुठून येते

फुल स्विंगची ताकद जमिनीतून वर येते. बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण 90 अंश वळतात, कंबर त्याच्या निम्मी. हा जो पीळ पडतो तो सोडवायची सुरुवात खालून होते. आधी वजन डाव्या पायावर जातं, मग कंबर फिरते, मग छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लबचं डोकं. एकेक भाग वेग घेतो आणि पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. मनगटांचा कोन अगदी शेवटपर्यंत राखला जातो. बॉलला लागताना क्लबचा दांडा लक्ष्याच्या बाजूला झुकलेला असतो आणि डायव्हट (क्लबने कापलेला गवत-मातीचा तुकडा) बॉलच्या पुढे निघतो. हे सगळं अंतरासाठी चाललेलं असतं.

पिचमध्ये तुम्हाला अंतर नको आहे, मोजून टाकलेला बॉल हवा आहे. सीमारेषेवरून विकेटकीपरकडे थ्रो करणारा क्षेत्ररक्षक धावत येतो, कंबर फिरवतो, अख्खं अंग झोकून देतो. तोच खेळाडू स्टंपपासून दहा पावलांवर असला तर अंग शांत ठेवतो आणि हात एका लयीत सोडतो. त्याने आधीच्या थ्रोचा जोर कमी केलेला नसतो, थ्रोच वेगळा निवडलेला असतो. पिचचंही तसंच आहे. कंबर आणि छाती जवळजवळ एकत्र फिरतात आणि हात छातीच्या समोरच राहतात. पीळ नाही, खालून धक्का नाही.

इथे एक गैरसमज होतो. "अंग शांत ठेवा" म्हटलं की काही जण अंग गोठवतात आणि नुसत्या हातांनी बॉल ढकलतात. तसं नाही. छाती फिरलीच पाहिजे, आणि शॉट संपताना शर्टाची बटणं लक्ष्याकडे आलेली दिसली पाहिजेत. थांबवायची आहे ती पायांची घाई.

उभं राहताना

फुल स्विंगला पाय खांद्यांइतके रुंद ठेवता, पिचला त्यापेक्षा बरेच जवळ आणा. दोन्ही टाचांमध्ये एक पाऊल मावेल एवढं अंतर पुरतं. डावा पाय किंचित मागे घेऊन पंजा लक्ष्याकडे वळवा, म्हणजे छातीला पुढे फिरायला वाट मिळते. वजन सुरुवातीलाच थोडं डाव्या पायावर असू द्या आणि ते शेवटपर्यंत तिथेच राहू द्या. बॉल मधोमध. ग्रिप बोट-दोन बोटं खाली धरलीत तर क्लब आखूड होतो आणि ताबा वाढतो. हात बॉलच्या खूप पुढे दाबू नका. कारण पुढच्या भागात.

वेजचा तळ वापरा

सगळ्यात जास्त शॉट इथे बिघडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

वेज उलटी धरून तिचा तळ बघा. पुढची कड धारदार असते, पण तळाचा मागचा भाग तिच्यापेक्षा खाली उतरलेला असतो. या उताराला बाउन्स म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. बऱ्याच वेजवर 56 या लॉफ्टशेजारी (लॉफ्ट म्हणजे क्लबचं तोंड मागे किती झुकलंय तो कोन) 8, 10, 12 किंवा 14 असा दुसरा आकडा कोरलेला असतो, तो बाउन्सचा. तळाचा हा भाग आधी जमिनीला लागला तर क्लब गवतावरून सरकत जातो. पुढची कड आधी लागली तर कुदळीसारखी रुतते.

फुल स्विंगची सवय पिचमध्ये आली की नेमकं हेच होतं. कंबर पुढे धावते, मनगटांचा कोन शेवटपर्यंत अडकून राहतो, दांडा पुढे झुकतो आणि बाउन्स नाहीसा होऊन धारदार कड खाली येते. पूर्ण वेगात असताना ही कड बॉलखालची माती कापून पुढे निघून जाते. पिचच्या कमी वेगात ती अडकते.

म्हणून पिचमध्ये मनगटांचा कोन लवकर सुटू द्यायचा. खाली येताना क्लबचं डोकं हातांच्या मागे रेंगाळू देऊ नका, त्याला हातांबरोबर येऊ द्या. बॉलला लागताना दांडा जवळजवळ उभा असावा. आवाजावरूनही कळतं. तळ नीट वापरला गेला तर गवतावर हलका "थप" ऐकू येतो आणि डायव्हट निघतच नाही, नुसतं गवत घासलं जातं. कड रुतली तर आवाज दबका येतो आणि मनगटाला हिसका बसतो.

याच्या उलटी चूक म्हणजे बॉल उचलायचा प्रयत्न. त्यात वजन उजव्या पायावर जातं आणि क्लब बॉलच्या आधीच जमिनीला लागतो किंवा वर येताना बॉलच्या डोक्याला लागतो. बॉल वर न्यायचं काम 54 किंवा 58 अंशांचा लॉफ्ट करतो, तुमच्या हातांनी ते करू नये.

1985 च्या यूएस ओपनमध्ये आघाडीवर असलेल्या तैवानच्या टी. सी. चेन यांचा शेवटच्या दिवशी पाचव्या होलवर उंच गवतातून मारलेला असाच एक छोटा शॉट दोनदा लागला. बॉल हवेत असताना क्लब त्याला पुन्हा स्पर्शून गेला. त्या होलवर 8 फटके झाले आणि स्पर्धा एका फटक्याने हुकली. तेव्हा अशा चुकीला दंड होता. 2019 च्या नियमांपासून, एकाच स्विंगमध्ये बॉल चुकून दोनदा लागला तर दंड नाही, तो एकच फटका धरतात.

अंतर मोजायचं ते बॅकस्विंगच्या लांबीने

जोर कमी-जास्त करून अंतर साधायला गेलात की क्लब मध्येच मंदावतो. हात लांबवर मागे गेलेले असतात, मग बॉलपाशी येऊन "फार होईल" असं वाटतं आणि हात आवरले जातात. आखडलेला, मातीत गेलेला शॉट बहुतेक वेळा असा जन्मतो. त्यापेक्षा लय एकच ठेवा आणि डावा हात किती मागे जाणार हे आधी ठरवा. समोरून बघणाऱ्याला तुमचा डावा हात घड्याळाच्या काट्यासारखा दिसतो असं धरा. साडेसात, नऊ आणि साडेदहा अशा तीन जागा पुरतात. मागे जेवढा गेलात, पुढे निदान तेवढेच जा.

तीन वेज आणि तीन जागा मिळून नऊ अंतरं हातात येतात. ती लॉन्च मॉनिटरवर (बॉलचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र) मोजून कागदावर लिहा आणि कागद बॅगेत ठेवा. मित्राचे आकडे उतरवून घेऊ नका, प्रत्येकाची लय वेगळी असते. आणि बॉल तुम्ही कोर्सवर वापरता तोच आणा. मऊ युरेथेन आवरणाचा बॉल पिचवर जास्त स्पिन घेतो, कडक आवरणाचा बॉल पडल्यावर पुढे पळतो.

आपली गोल्फपटू अदिती अशोक बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे 2021 साली, ड्राइव्हच्या अंतरात ती मैदानातल्या सर्वांत मागच्या खेळाडूंपैकी होती. तरी वेज आणि पटरच्या (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) जोरावर चौथी आली. पदक एका फटक्याने गेलं.

मॅट खोटं बोलते

मुंबईत बहुतेकांचा सराव मॅटवर (कृत्रिम गवताच्या चटईवर) होतो. त्याला इलाज नाही, गवत मिळणार कुठे? पण मॅटवर बॉलच्या तीन इंच आधी क्लब आपटला तरी तो घसरत पुढे येतो आणि बॉल छान उडतो. महिनाभर वाटतं की पिच बसला. मग चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीवर किंवा खारघरला सिडकोच्या कोर्सवर पहिल्याच पिचला माती उडते.

उपाय साधा आहे. बॉलच्या चार-पाच इंच मागे एक नॅपकिन घडी करून ठेवा. नॅपकिनला क्लब लागला तर तो शॉट गवतावर फसला असता, एवढं लगेच कळतं. घरी बॉलशिवाय सराव करायचा असेल तर जुन्या पायपुसण्यावर स्विंग करा आणि तळ दर वेळी एकाच ठिकाणी घासतोय का ते बघा. कृपा करून सोसायटीच्या गच्चीवर किंवा आवारात खरा बॉल मारू नका. टॉप झालेला (बॉलच्या डोक्याला लागलेला) पिच खिडकीच्या, नाहीतर कुणाच्या डोक्याच्या उंचीने जातो.

पावसाळा आणि मे महिना

जून ते सप्टेंबर जमीन मऊ असते, धारदार कड सहज रुतते. तेव्हा 12 किंवा 14 अंश बाउन्सची वेज मदत करते. एप्रिल-मेमध्ये जमीन टणक होते आणि तोच जाड तळ आपटून उसळतो, क्लब बॉलच्या पोटात लागतो. त्या दिवसांत 6 ते 8 अंश बरे. दोन-दोन वेज घेणं प्रत्येकाला परवडत नाही. एकच घ्यायची असेल तर आम्ही 10 च्या आसपास सुचवतो.

ओल्या गवतात वेजच्या तोंडावर पाणी राहिलं की पकड जाते, बॉल जास्त उंच उडतो, स्पिन कमी होतो आणि तो पडल्यावर थांबत नाही. प्रत्येक पिचआधी तोंड कोरडं पुसा, खाचांमधली माती टीने (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीने) काढा. आणि पावसाळ्यात उपयोगी पडणारा एक नियम: बॉल स्वतःच पाडलेल्या खळग्यात रुतला असेल आणि तो बंकरमध्ये किंवा पेनल्टी एरियात (पाण्यासारखा खुणा केलेला भाग) नसेल, तर नियम 16.3 प्रमाणे दंडाशिवाय बाहेर काढून, पुसून, एका क्लबच्या लांबीत ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो. होलच्या जवळ मात्र नेता येत नाही.

वेज खरंच बदलायची का

हल्लीच्या बऱ्याच आयर्न सेटमध्ये पिचिंग वेज 43-44 अंशांची असते, पूर्वी ती 47-48 ची असायची. ग्राहक त्याशेजारी 56 ची सँड वेज ठेवतो आणि मध्ये 12-13 अंशांची पोकळी राहते. त्या पोकळीतलं प्रत्येक अंतर अर्धवट स्विंगने काढावं लागतं, आणि मग सगळा दोष पिचवर येतो. अशा वेळी 49-50 अंशांची एक वेज घ्यावी असं आम्ही स्पष्ट सांगतो. बॅगेत 14 क्लबची मर्यादा आहे, त्यामुळे न लागणारी एखादी लांब आयर्न काढावी लागेल. पण लॉफ्ट नीट विभागलेले असतील आणि खाचा शाबूत असतील तर नवीन वेज घेऊ नका. ते पैसे शिकण्यावर घाला, आमच्याकडे किंवा तुमच्या क्लबच्या कोचकडे.

येताना काय आणायचं

पिचच्या सत्रासाठी तुमच्या सगळ्या वेज, पिचिंग वेज धरून, आणि रोजचे बॉल आणा. वेज धुऊन आणू नका. तळावर माती आणि ओरखडे कुठे आहेत ते बघून क्लब कसा लागतो याचा बराच अंदाज येतो. आम्ही आधी लॉफ्ट आणि बाउन्स मोजतो, मग फुल स्विंग आणि पिच दोन्ही बाजूने चित्रित करून पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवतो. कंबर कुठे धावते ते बहुतेकांना तिथे स्वतःलाच दिसतं. शेवटी नऊ अंतरांचा तक्ता तयार करून हातात देतो. पावसाळ्यानंतर तो एकदा पुन्हा तपासून घ्या. त्या फेरतपासणीचं शुल्क आम्ही घेत नाही.