कनट, याकिमा

कनट, याकिमा : (२९ नोव्हेंबर १८९५ – २४ मे १९८६). अमेरिकन रोडिओपटू (रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारीच्या व कौशल्याच्या स्पर्धा), स्टंटमन आणि साहसदृश्यांचे दिग्दर्शक. मूळ नाव ईनॉस एडवर्ड कनट. हॉलिवूडच्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या, चित्रपटांत घोड्यावरून पडणे, धावत्या गाडीखाली जाणे, मारामारी करणे या गोष्टींना त्यांनी हिशेबाची शिस्त लावली. त्यांच्याआधीही जिवावर उदार होणारे कितीतरी होते, पण तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी पुन्हा करता यावा असा विचार करणारे थोडे होते.

जन्म वॉशिंग्टन राज्यात कोल्फॅक्सजवळच्या एका कुरणावर. पोरवयातच घोडे वठणीवर आणू लागले. १९१२ साली कोल्फॅक्सच्या जत्रेत ते उसळणाऱ्या घोड्यावरच्या स्वारीच्या स्पर्धेत उतरले. ऑरिगनमधील पेंडल्टनच्या १९१४ च्या रोडिओत घोड्याच्या पाठीवरून हवेत उडालेल्या या तरुणाचे छायाचित्र वृत्तपत्रात आले आणि खाली नाव पडले ‘याकिमा’. याकिमा हे वॉशिंग्टनमधले एक गाव; ते त्या गावचे नव्हतेच, पण नाव जन्मभर चिकटले. याच पेंडल्टनमध्ये त्यांनी १९१७, १९१९, १९२० आणि १९२३ साली सर्वोत्तम रोडिओपटूचा मान मिळवला.

मूकपटांच्या काळात त्यांनी नायकाच्या भूमिका केल्या. पण नौदलात असताना झालेल्या आजारात घसा बिघडला होता आणि बोलपट आल्यावर तो आवाज नायकाला शोभेना. मग त्यांनी खलनायकाची कामे धरली आणि मार खाणे, पडणे, दुसऱ्याचा डुप्लिकेट होणे हाच मुख्य व्यवसाय केला. चित्रपटसृष्टीला याचा तोटा झाला असे म्हणता येणार नाही.

तीसच्या दशकात स्वस्तातल्या वेस्टर्नपटांत ते नट जॉन वेन यांच्याबरोबर सतत काम करीत. तोवर पडद्यावरील मारामारीत नट एकमेकांच्या खांद्यावर खरेच गुद्दे घालीत आणि ते खोटेच दिसे. कनट, वेन आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांनी कॅमेरा अशा कोनात ठेवला की मूठ चेहऱ्याजवळून नुसती निघून जाई, पण पाहणाऱ्याला ठोसा बसल्यासारखा वाटे. आजही मारामारी बहुधा अशीच चित्रित होते. आपली चाल आणि संथ बोलणे आपण कनट यांच्यावरून उचलले, असे वेन पुढे मोकळेपणाने सांगत.

कनट यांचा सर्वांत गाजलेला प्रसंग दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) मधला. अपाचे या आदिवासी जमातीच्या योद्ध्याच्या वेशात ते आपल्या घोड्यावरून गाडीच्या घोड्यांच्या पुढच्या जोडीवर झेपावतात, गोळी लागताच घोड्यांच्या मधोमध खाली लोंबकळतात, जमिनीवरून फरफटत जातात आणि हात सोडतात. मागचे घोडे आणि पाठोपाठ गाडी त्यांच्या अंगावरून निघून जाते. यातली खुबी वेगात होती. घोडे भरधाव असले की सरळ रेषेत धावतात, हळू चालवले की आडवेतिडवे होतात, म्हणजे कमी वेग जास्त धोक्याचा. हात सोडताच ते छातीवर घ्यायचे आणि कोपरे अंगालगत आवळायची, नाहीतर पुढचा आस ती उडवून देणार. शिवाय चाकांच्या मधली जागा आधी मोजलेली. याच वर्षीच्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये जळत्या अटलांटातून घोडागाडी हाकणारे नायक क्लार्क गेबल म्हणजेही कनटच.

पडण्यासाठी त्यांनी साधनेही घडवली. एका बाजूने उघडी रिकीब वापरली की स्वाराचा पाय अडकत नाही. कड्यावरून किंवा वळणावर उलटणाऱ्या गाडीचे घोडे ऐन वेळी सुटावेत म्हणून त्यांनी तारांची योजना केली.

घोड्यांच्या बाबतीत मात्र हा इतिहास निर्मळ नाही. ‘रनिंग डब्ल्यू’ या पद्धतीत घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधून त्यांचे दुसरे टोक जमिनीत पक्के करीत. तार संपली की धावता घोडा तोंडावर आपटे. कनट यांनी ही युक्ती शेकडो वेळा वापरली. आपल्या हातून एकही घोडा जायबंदी झाला नाही, हा त्यांचा दावा. इतरांच्या हातून झाले आणि मेलेही. ‘जेसी जेम्स’ (१९३९) मध्ये कड्यावरून टाकलेला घोडा मेल्यावर ओरड झाली, आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन ही प्राणिरक्षणाची संस्था हॉलिवूडच्या चित्रीकरणावर लक्ष ठेवू लागली. कौशल्य असलेल्या माणसाला जमले म्हणून पद्धत निर्दोष ठरत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर शरीराने हिशेब मागितला. ‘बूम टाऊन’ (१९४०) मध्ये घोडा अंगावर पडून पोटाला गंभीर इजा झाली, ‘इन ओल्ड ओक्लाहोमा’ (१९४३) मध्ये दोन्ही पाय घोट्यांपाशी मोडले. त्यानंतर ते हळूहळू कॅमेऱ्यामागे गेले. ‘बेन-हर’ (१९५९) ची रोममध्ये चित्रित झालेली रथांची शर्यत त्यांनी दिग्दर्शक अँड्रू मार्टन यांच्याबरोबर उभी केली. घोडे युगोस्लाव्हिया आणि सिसिलीतून आणले. नायक चार्लटन हेस्टन यांना रथ हाकायला कनट यांनीच शिकवले. पडलेल्या रथांवरून उडी घेताना हेस्टनऐवजी रथात असलेला कनट यांचा मुलगा जो कनट पुढच्या कठड्यावरून बाहेर फेकला गेला. त्याने कठडा धरून ठेवल्यामुळे हनुवटीवरच्या टाक्यांवर निभावले. ठरवलेले नव्हते तेच चित्र चित्रपटात राहिले. या शर्यतीत एक स्टंटमन मेल्याची वदंता अजून फिरते, ती खरी नाही.

१९६७ साली झालेल्या सोहळ्यात त्यांना मानद ऑस्कर मिळाले. स्टंटमन म्हणून केलेल्या कामगिरीबरोबरच, स्टंटमनांच्या रक्षणासाठी घडवलेल्या साधनांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. नॉर्थ हॉलिवूड येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी १९८१ साली ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये स्टंटमन टेरी लेनर्ड यांनी त्यांचा ‘स्टेजकोच’मधला प्रसंग पुन्हा केला, घोडागाडीऐवजी ट्रकखाली. त्यासाठी ट्रक उंच करून घेतला होता आणि रस्त्याच्या मधोमध चर खणला होता.