एलिझाबेथ फार्म आणि एक्सपेरिमेंट फार्म: घर कुणाचं, जमीन कुणाची?

सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये विग्रॅम स्ट्रीटवर जेवण झालं की आपली मंडळी जवळच्या जुन्या घरांकडे वळतात. मग एक्सपेरिमेंट फार्म कॉटेजच्या फोटोखाली हमखास ओळ येते: ‘पहिला शेतकरी जेम्स रूस इथे राहत होता.’ त्या घरात तो एक दिवसही राहिलेला नाही.

एलिझाबेथ फार्म तुम्हाला माहीत असेलच. मेंढ्या आणि लोकरीच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जॉन मॅकार्थरने 1793 साली बांधलेलं, देशातलं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं युरोपीय घर. पत्ता शेजारच्या रोझहिलचा, पण ते किरकोळ. तिथे जमीन आणि घर एकाच कुटुंबाचं होतं, त्यामुळे गोष्ट सरळ आहे.

एक्सपेरिमेंट फार्मवर मात्र जमीन एकाची, घर दुसऱ्याचं. रूस 1788 साली ब्रिटनमधून कैदी घेऊन आलेल्या पहिल्या जहाजांच्या ताफ्यातला कैदी. इथली ब्रिटिश वसाहत उपासमारीच्या काठावर होती. एक माणूस स्वतःच्या कष्टावर पोट भरू शकतो का, हे पाहायला गव्हर्नर फिलिपने 1789 मध्ये त्याला जमीन दिली. ‘प्रयोग’ तो एवढाच, मॅकार्थरच्या मेंढ्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. रूसने पडलेली झाडं जाळली, राख मातीत मिसळली, ढेकळं फोडली, माती उन्हावाऱ्याला उघडी टाकली. कोकणात राब भाजणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 1791 मध्ये त्याने सरकारी शिधा घेणं बंद केलं आणि 1792 मध्ये 30 एकर त्याच्या नावावर झाले. जमीन मुळात बरामट्टागल या इथल्या आदिवासी लोकांची, त्यांना कुणी विचारलंच नाही.

पुढच्याच वर्षी रूसने ती 40 पौंडांना सर्जन जॉन हॅरिसला विकली. आज दिसतं ते व्हरांड्याचं घर हॅरिसचं, 1830 च्या दशकातलं. उपनगराला नावही त्याचंच.

मेंढ्या मॅकार्थरांच्या. पण त्या धंद्याचं श्रेय एकट्या जॉनला देणं मला अजिबात पटत नाही. 1809 ते 1817 तो देशाबाहेर होता, तेव्हा शेती आणि कळप त्याची बायको एलिझाबेथनेच सांभाळले.

एक्सपेरिमेंट फार्म नॅशनल ट्रस्टकडे आहे, एलिझाबेथ फार्म राज्याच्या संग्रहालय संस्थेकडे. तिथल्या खुर्च्यांवर बसता येतं, कारण सामान बहुतेक प्रतिकृतींचं आहे. मुलं बरोबर असतील तर आधी तिथेच जा. एक्सपेरिमेंट फार्मला मात्र घराआधी भोवतालची जमीन बघा. रूसचं तिथे तेवढंच उरलं आहे.