दोन 'सेइसाकु': 'शिरोबाको' बघताना नेमकी गफलत कुठे होते

'शिरोबाको' ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, बनवणाऱ्या एका स्टुडिओची गोष्ट सांगणारी अ‍ॅनिमे मालिका. ती बघणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "प्रॉडक्शनवाल्यांनीच वाट लावली." चौदावा भाग संपल्यावर आमच्यातही ते आलं. त्या भागात एका नव्या मालिकेसाठी आवाजाचे कलाकार निवडायची बैठक आहे. एकाला लोकप्रिय नाव हवं, दुसऱ्याला गाणारी हवी, तिसऱ्याला कार्यक्रमांत मंचावर शोभून दिसेल अशी. पात्राला कुणाचा आवाज जुळतो याचा विचार बाकीच्यांनी करायचा. एक मैत्रीण चिडून ते वाक्य म्हणाली, तशी दुसरी तिच्यावर उखडली, "अगं, प्रॉडक्शनमध्ये तर मियामोरी आहे. तिने काय केलं?" मियामोरी म्हणजे मालिकेची नायिका, स्टुडिओत राबणारी.

दोघी बरोबर होत्या. घोळ शब्दाचा होता. इंग्रजी सबटायटलांमध्ये 'प्रॉडक्शन' असा एकच शब्द दिसतो, पण त्यामागे जपानीत दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा उच्चार तोच: सेइसाकु. कानाला फरक कळतच नाही, तो लिहिल्यावर दिसतो. पहिल्या शब्दाच्या 'सेइ' या चिन्हाखाली काहीच नसतं, तर दुसऱ्यात त्याच चिन्हाच्या खाली 'वस्त्र' या अर्थाचं चिन्ह जोडलेलं असतं. कापड बेतून कपडा शिवणं हा त्या जोडचिन्हाचा मूळ अर्थ. रोजच्या जपानीत चित्र-शिल्पासारखी कलाकृती घडवण्याला पहिला शब्द वापरतात आणि यंत्र, सामान वगैरे तयार करण्याला दुसरा. चित्रपट आणि अ‍ॅनिमेच्या धंद्यात मात्र या दोघांची वाटणी वेगळी झाली आहे. पहिलं सेइसाकु म्हणजे प्रत्यक्ष चित्रं काढून, जोडून मालिका घडवणं. दुसरं, वस्त्र जोडलेलं सेइसाकु म्हणजे प्रकल्प ठरवणं, त्यात पैसा घालणं आणि तयार झालेल्या मालिकेचे हक्क बाळगणं. इथे सोयीसाठी मी एकाला कामाचं सेइसाकु म्हणते, दुसऱ्याला मालकीचं.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. नाटकाच्या जाहिरातीत निर्माता आणि सूत्रधार अशी दोन नावं वेगवेगळी छापलेली आपण कायम पाहतो. तरी 'निर्मिती' म्हटलं की पैसा घालणं आणि घडवणं हे दोन्ही अर्थ आपणही एकाच शब्दात कोंबतो, म्हणून हा गोंधळ आपल्याकडे चटकन होतो.

'शिरोबाको' ही जवळजवळ पूर्णपणे कामाच्या सेइसाकुची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात तिचे २४ भाग आले. दिग्दर्शक मिझुशिमा त्सुतोमु, स्टुडिओ पी.ए.वर्क्स. नायिका मियामोरी आओई 'मुसाशिनो अ‍ॅनिमेशन' या काल्पनिक स्टुडिओत नोकरी करते. त्याला सगळे लाडाने 'मुसानी' म्हणतात. तिचं पद 'सेइसाकु शिन्को', म्हणजे काम पुढे सरकवत ठेवणारी. इथलं सेइसाकु पहिलं, बिनवस्त्राचं. ती स्वतः एकही चित्र काढत नाही, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला नेमकं हेच कळत नाही की ही दिवसभर करते तरी काय.

अर्ध्या तासाच्या एका भागात साधारण तीनशे कट असतात. कट म्हणजे कॅमेरा बदलेपर्यंतचा एक तुकडा. प्रत्येक कटाचा आराखडा होतो, मग मुख्य चित्रं, ती दिग्दर्शक तपासतो, मग चित्र-पर्यवेक्षक सुधारतो, त्यानंतर मधली चित्रं, रंग, पार्श्वभूमी, शेवटी सगळं एकत्र करून छायांकन. एका कटाची चित्रं एका मोठ्या कागदी पाकिटात घालून ते पाकीट टेबलावरून टेबलावर, घरातून घरात फिरतं. बरेच चित्रकार मुक्त व्यावसायिक असतात आणि घरी बसून काम करतात. कुठलं पाकीट कुठे अडकलंय, कोणाला ताप आलाय, कोण फोन उचलत नाही, कोणाला गोड बोलावं लागेल आणि कोणापुढे नुसतं गप्प बसावं लागेल, हे सगळं मियामोरीच्या डोक्यात असतं. पहिल्या भागात ती रात्री गाडी हाणत पाकिटं गोळा करते. ते दृश्य मोटारशर्यतीसारखं रंगवलंय, पण त्यामागचं काम खरंच त्या खात्याचं आहे. मालिकेचं नावही याच बाजूचं. 'शिरोबाको' म्हणजे पांढरी पेटी. भाग पूर्ण झाला की तो बनवणाऱ्यांना द्यायची व्हिडिओ कॅसेट पांढऱ्या खोक्यात येत असे, त्यावरून हा शब्द रूढ झाला. बाजारात जाणाऱ्या रंगीत वेष्टनाशी त्याचा संबंध नाही.

मग मालकीचं सेइसाकु कुठे असतं? त्याचं नेहमीचं रूप म्हणजे 'सेइसाकु इइन्काई', निर्मिती समिती. प्रकाशक, संगीत किंवा व्हिडिओ कंपनी, दूरचित्रवाणी वाहिनी, जाहिरात संस्था, खेळणी बनवणारे असे चारपाच जण पैसे एकत्र करतात आणि त्या हिश्श्यानुसार नफा-तोटा वाटून घेतात. १९८८ च्या 'अकिरा' या चित्रपटामागे अशीच समिती होती. तिच्यात कोदान्शा हा प्रकाशक, बांदाई ही खेळण्यांची कंपनी, तोहो ही चित्रपट वितरक कंपनी, हाकुहोदो ही जाहिरात संस्था हे सगळे होते. एवढा खर्चिक चित्रपट एकट्याने काढायची हिंमत कुणाला झाली असती? १९९५ च्या 'इव्हँगेलियन' या मालिकेनंतर दूरचित्रवाणीच्या मालिकांतही ही रीत पसरत गेली.

समितीत प्रत्येकजण आपल्या कारणासाठी येतो. प्रकाशकाला मूळ मांगाची (जपानी चित्रकथेची) पुस्तकं खपायला हवीत, संगीतवाल्यांना शीर्षकगीत, खेळणीवाल्यांना पात्रांच्या बाहुल्या. चौदाव्या भागातली ती बैठक पुन्हा आठवा. गाणारी हवी म्हणणारा माणूस खलनायक नाही, गाणी विकून पैसे परत मिळवायची जबाबदारी त्याच्यावर आहे. हे लक्षात आल्यावर मला तो भाग आधीपेक्षा जास्त टोचला, कारण तिथे दोष द्यायला सोपा माणूसच उरत नाही.

स्टुडिओला या व्यवस्थेत सहसा ठरलेली रक्कम मिळते. मालिका तुफान चालली तरी, स्टुडिओने स्वतः समितीत पैसे घातले नसतील तर पुढच्या कमाईत त्याचा हिस्सा नसतो किंवा अगदी थोडा असतो. पडली तर बुडीतही त्याच्या अंगावर येत नाही. पण वेळापत्रक कोलमडून खर्च वाढला, तर तो सोसतो स्टुडिओच. म्हणून मियामोरीचा एक चुकलेला दिवस मुसानीला महाग पडतो. या तंगीची मुळं जुनी आहेत: १९६३ मध्ये तेझुका ओसामु यांच्या मुशी प्रॉडक्शन या स्टुडिओने 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका वाहिनीला खर्चापेक्षा कमी किमतीत दिली आणि तूट पात्रांच्या वस्तूंच्या हक्कांतून भरून काढायचं ठरवलं. म्हणजे मुशीकडे दोन्ही सेइसाकु एकाच घरात होती. पुढे ज्या स्टुडिओंकडे हक्क राहिले नाहीत, त्यांच्या वाट्याला कमी किंमत तेवढी आली.

मालिकेबाहेरच्या चर्चांतही हीच गफलत होते. 'वन पंच मॅन'चा पहिला हंगाम २०१५ मध्ये मॅडहाउस या स्टुडिओने केला, दुसरा २०१९ मध्ये जे.सी.स्टाफने. दुसरा फिका वाटला तेव्हा लोकांनी नव्या स्टुडिओला धारेवर धरलं. पण पहिल्या हंगामाची जादू बऱ्याच अंशी दिग्दर्शक नात्सुमे शिंगो यांनी जमवलेल्या मुक्त चित्रकारांची होती, आणि ती माणसं स्टुडिओच्या भिंतींना बांधलेली नव्हती. शिवाय पुढचा हंगाम कोणत्या स्टुडिओकडे आणि कधी, हे ठरवताना शेवटचा शब्द असतो मालकीच्या सेइसाकुचा. 'अ‍ॅटॅक ऑन टायटन' तर याचं चोख उदाहरण: २०१३ पासून तीन हंगाम विट स्टुडिओने केले, २०२० च्या डिसेंबरात शेवटचा हंगाम मापा या स्टुडिओकडे गेला. चित्रं काढणारे हात बदलले, श्रेयनामावलीच्या टोकाला निर्मिती समिती मात्र राहिलीच.

उलटी गफलतही होते. १९८४ चा 'नाउसिका' हा चित्रपट सगळे जिब्ली या प्रसिद्ध स्टुडिओचा म्हणतात. जिब्ली स्थापन झाला १९८५ मध्ये. चित्रं झाली टॉपक्राफ्ट नावाच्या स्टुडिओत, आणि पैसा होता तोकुमा शोतेन या प्रकाशकाचा आणि हाकुहोदोचा. म्हणजे ज्या नावाला आपण श्रेय देतो, ते नाव दोन्हींपैकी एकाही सेइसाकुत नव्हतं.

कधीकधी दोन्ही एकाच छताखाली येतात. २०२२ मध्ये मापाने 'चेनसॉ मॅन'चा सगळा पैसा स्वतः घातला, समिती केलीच नाही. मालिका आवडली किंवा नाही आवडली, "प्रॉडक्शनवाल्यांनी केलं" हे वाक्य तिथे खऱ्या अर्थाने लागू पडतं.

ओळखायचं कसं? श्रेयनामावलीत 'अ‍ॅनिमेशन सेइसाकु' अशी ओळ येते, तिच्यापुढे स्टुडिओचं नाव असतं. शेवटी नुसतं 'सेइसाकु' येतं, वस्त्राच्या चिन्हासकट, आणि त्यापुढे बहुतेक वेळा '…सेइसाकु इइन्काई'. जपानी वाचता येत नसेल तरी ते एक चिन्ह तेवढं डोळ्यांत साठवून ठेवा, खालचा भाग भरगच्च दिसतो. अधूनमधून 'सेइसाकु सहकार्य' अशीही ओळ असते. एखादा अख्खा भाग दुसऱ्या स्टुडिओने पूर्ण करून दिला असेल, तर त्याचं नाव बऱ्याचदा तिथे लागतं. 'शिरोबाको'तला 'स्टुडिओ टायटॅनिक' हा असलाच बाहेरचा भिडू, त्याचं नाव ऐकूनच मुसानीतल्यांप्रमाणे माझाही जीव घाबरा झाला होता. ही मात्र कामाच्या सेइसाकुतलीच पोटशाखा. मालकीशी तिचा संबंध नाही.

आणि 'निर्माता'? तो शब्दही दोन्हीकडे आहे. मुसानीचा वातानाबे निर्माता आहे, पण स्टुडिओच्या पगारावरचा. खर्च आणि माणसं सांभाळणं, पुढचं काम मिळवणं हा त्याचा धंदा. समितीच्या बाजूला बसणारा कात्सुरागीही निर्माताच, पण तो ज्यांनी पैसे घातलेत त्यांचा. दोघं एकाच टेबलाशी बसतात, म्हणून बघणाऱ्याला एकाच गोटातले वाटतात.

मालिकेच्या उत्तरार्धात मुसानी एका गाजलेल्या मांगावरून 'तिसरं हवाई कन्यापथक' ही मालिका करत असते, आणि तिथे दोन्ही सेइसाकुंमधली फट सगळ्यात रुंद होते. मूळ लेखक नोगामे आणि दिग्दर्शक किनोशिता यांच्यामध्ये योताका शोबो या प्रकाशनाचा संपादक चाझावा उभा आहे. तो 'छान चाललंय' म्हणत राहतो, इकडचं तिकडे नीट पोचवतच नाही. पात्रांची रेखाटनं परत परत नापास होतात, आणि का, ते कुणीच सांगत नाही. शेवटच्या भागाचं काम सुरू झाल्यावर लेखकाकडून निरोप येतो की ही कथा चालणार नाही. चाझावावर बहुतेक प्रेक्षकांचा राग आहे, माझाही आहे. पण मालिकेवरही माझा थोडा राग आहे: मालकीच्या बाजूचा सगळा बेजबाबदारपणा तिने एका माणसाच्या चेहऱ्यावर चिकटवला, आणि व्यवस्था सुटून गेली. २०२० च्या चित्रपटात ही कसर भरून निघते. तिथे एक प्रकल्प काम बरंच पुढे गेल्यावर बंद पडतो आणि मुसानी पार मोडकळीला येते. कुणी आळशी होतं म्हणून नव्हे. निर्णय त्यांच्या हातातच नव्हता. करार आणि हक्क कोणाचे, हे प्रश्न तिथे अखेर मियामोरीच्या दारात येतात, आणि ती पाकिटं गोळा करणारी मुलगी राहत नाही.

पण मला सर्वांत प्रिय आहे तो मालिकेचा तेविसावा भाग. किनोशिता शेवटी चाझावाला ओलांडून थेट प्रकाशनाच्या इमारतीत घुसतो. लेखक समोर येतो. दोघं बोलायला लागतात आणि काही मिनिटांतच एकमेकांची वाक्यं पुरी करू लागतात, कारण त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. त्या बोलण्यातून शेवटच्या भागात एक नवं, लहानसं पात्र येतं. त्याला आवाज लागतो. आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेपलीकडे उभी राहते ती शिझुका, मियामोरीची शाळेतली मैत्रीण. चौदाव्या भागाच्या सुमारास जिची निवड झाली नाही, जी तेव्हापासून छोट्यामोठ्या नोकऱ्या करत वाट बघत होती, ती. तिच्या वाट्याला आलेलं वाक्य स्वप्नाच्या थोडं जवळ आल्याचं आहे. ते ती म्हणते, आणि इतके भाग सगळ्यांच्या वेळापत्रकाचा भार पेलून एकदाही न कोसळलेली मियामोरी काचेच्या अलीकडे हमसून रडते.