केंद्र आणि सेंटर: एकाच घरचे दोघे

फलकावर ‘परीक्षा सेंटर’ दिसलं की मराठीचे अभिमानी ते खोडून ‘परीक्षा केंद्र’ करायला लावतात. जरूर लावावं. फक्त एवढंच, की दोन्ही शब्द मुळात ग्रीक आहेत, आणि तेही एकच.

मूळ शब्द ‘केंट्रॉन’. अर्थ टोकदार वस्तू: बैलाला टोचायची पराणी, मधमाशीची नांगी. वर्तुळ काढताना कंपासचं जे टोक रुतवून ठेवायचं, तेही केंट्रॉन. त्यावरून वर्तुळाच्या मध्यबिंदूला ते नाव पडलं आणि लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असं फिरत ‘सेंटर’ होऊन आपल्याकडे आलं.

‘केंद्र’ मात्र कितीतरी आधी पोचलं होतं, ज्योतिषाबरोबर. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, पश्चिम भारतात ये-जा होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिल्याचं त्यांच्यावरच कोरलेलं आहे. (‘यवन’ हा शब्दही आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून आलेला. बखरींतले यवन वेगळे.) ग्रीक फलज्योतिषात कुंडलीतल्या १, ४, ७, १० या स्थानांना केंट्रॉनच म्हणत. सहाव्या शतकात वराहमिहिर ‘बृहज्जातका’त याच स्थानांची नावं देतो: कंटक, केंद्र, चतुष्टय. कंटक म्हणजे काटा! पराणीचं टोक तोवर कुणाच्या तरी ध्यानात असावं, असं मला आपलं वाटतं.

‘होरा’ची गंमत आणखी निराळी. वराहमिहिर सांगतो, की ‘अहोरात्र’ची पहिली नि शेवटची अक्षरं गाळून हा शब्द झाला, असं काही जण मानतात. व्युत्पत्ती सुरेख आहे, पण खरी नव्हे. ग्रीक ‘होरा’ म्हणजे आधी ऋतू, मग दिवसाचा भाग, मग तास. इंग्रजीतला ‘अवर’ त्याचाच. आपले वार या होऱ्यांवरच बसलेत. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने प्रत्येक तासाला एकेक ग्रह द्यायचा. चोवीस तासांत सात ग्रहांच्या तीन फेऱ्या होऊन तीन तास उरतात, म्हणून शनीने सुरू झालेल्या दिवसानंतरचा दिवस रवीने उजाडतो, त्याच्या पुढचा चंद्राने. पत्रिका न मानणारेही ‘माझा होरा चुकला’ म्हणतात ते यातलंच.

सुरुंगाची वाट युद्धातली. ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे वेळूचा पावा, मग कुठलीही नळी, मग भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली ‘सुरुंगा’ ही अशीच जमिनीखालून काढलेली वाट. बहुतेक अभ्यासक तिचा उगम ग्रीक शब्दातच पाहतात. पुढे भुयारात दारू ठासून तट उडवायला लागले, तसं मराठीत वाट राहिली बाजूला आणि स्फोटालाच सुरुंग म्हणू लागले. खडीच्या खाणीत लावतात तो सुरुंग आणि दवाखान्यातली सिरिंज, दोघांचा पूर्वज तो पावाच.

आणि ‘दाम’. ग्रीक ‘द्राख्मे’ म्हणजे मूठभर, आणि तेच एका नाण्याचं नाव; ओबोल नावाची सहा छोटी नाणी मिळून एक द्राख्मे. संस्कृतात त्याचा ‘द्रम्म’ झाला, कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत तो भेटतो, आणि झिजत झिजत दाम. अरबांकडे गेला तो दिरहॅम झाला. दुबईतला मराठी माणूस महिनाअखेरीला घरी पाठवतो, तो.