लघवीला जळजळ किंवा लघवीतून रक्त : औषध मागण्यापूर्वी कृपया वाचावे

नाशिकमध्ये ऊन तापू लागले की आमच्या औषधालयात "उन्हाळी लागली आहे, एखादे सिरप द्या" असे सांगणारे ग्राहक वाढतात. उन्हातले काम, कमी पाणी पिणे आणि द्राक्षबागेत किंवा बाजारात सोय नसल्यामुळे तासन्‌तास लघवी रोखून धरणे ही कारणे खरीच असतात, आणि भरपूर पाण्याने व सायट्रेटच्या सिरपने जळजळ कमीही होते. मात्र जळजळ कमी झाली म्हणजे जंतुसंसर्ग गेला असे होत नाही. लघवीतून रक्त दिसले असेल, तर आम्ही सिरप देऊन आपल्याला घरी पाठवणार नाही. डॉक्टरांकडे जाण्याचीच विनंती करू.

बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळेही लघवीला लालसर रंग येतो आणि पाळीच्या दिवसांत फसगत होऊ शकते, म्हणून खात्री सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीनेच करावी लागते. जळजळ, वारंवार लघवी आणि रक्त असे एकत्र आले तर बहुधा संसर्ग असतो. कुशीतून जांघेकडे उतरणारी तीव्र कळ मुतखड्याकडे बोट दाखवते. यात दुखते, म्हणून माणूस निदान दवाखाना तरी गाठतो. आम्हाला अधिक काळजी वाटते ती न दुखता आलेल्या रक्ताची, कारण ते एक-दोन दिवसांत आपोआप थांबते आणि विषय तिथेच संपला असे वाटते. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त असेच मधूनमधून दिसू शकते. त्यामुळे, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या व्यक्तीने, रक्त एकदाच दिसले असले तरी मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सारा दोष तिच्यावर टाकून तपासणी टाळू नये. ती गोळी डॉक्टरांना न विचारता बंदही करू नये.

थंडी वाजून ताप, पाठीत किंवा कुशीत दुखणे, उलट्या, रक्ताच्या गाठी पडणे किंवा लघवी तुंबणे यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गर्भवती, मधुमेही, लहान मुले आणि पुरुष यांनी नुसत्या जळजळीसाठीही वाट पाहू नये.

प्रतिजैविकांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देण्यास कायद्याने मनाई आहे, आणि आम्हाला तो नियम रास्त वाटतो. मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या घेऊन मग तपासणीला गेल्यास कल्चरमध्ये (लघवीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू बऱ्याचदा वाढतच नाहीत, आणि कोणते औषध लागू पडेल हे ठरवणे डॉक्टरांना अवघड होते. म्हणून डॉक्टरांनी कल्चर सांगितले असेल, तर शक्यतो पहिल्या गोळीआधी नमुना द्यावा. जागा पाण्याने स्वच्छ करून सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत, आतून हात न लावता, घ्यावी. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. उशीर होणार असेल तर डबी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी. अहवालाला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. तोवर अंदाजाने उपचार सुरू करायचे की थांबायचे, हे डॉक्टर ठरवतात. दुखते म्हणून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेणे मात्र टाळावे, कारण शरीरात पाणी कमी असताना त्यांतील अनेक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, आणि रक्त लघवीच्या सुरुवातीला दिसते, शेवटी दिसते की पूर्ण धारेत, हे लक्षात ठेवून सांगावे. त्यावरून ते कुठून येत असेल याचा अंदाज बांधता येतो. निर्जंतुक डबी आमच्याकडे मिळते. काउंटरवर गर्दीत बोलणे अवघड वाटत असेल, तर तक्रार कागदावर लिहून आमच्या फार्मासिस्टच्या हाती दिली तरी चालेल.